कार्यक्रमाचे स्वरूप : इतर

मा. दरपत्रककर्ते साहेब,


तुमचं नाव लिहीत नाही. एक तर ते मला ठाऊक नाही. शाळेच्या भाड्याच्या दरपत्रकाखालची सही वाचून घ्यायला मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो होतो. तीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचलेला माणूस, त्यानंही चष्मा काढून ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, ही सही नाही, ईसीजी आहे." दुसरं म्हणजे, शाळा कोणाच्या मालकीची हेही लिहीत नाही. नागपुरात सार्वजनिक शाळा चालवणारे एकाहून जास्त आहेत, आणि चोराच्या मनात चांदणं असतंच. ज्याला समजायचं त्याला समजेल.

तर पहिल्यांदा अभिनंदन. अकरा वर्षं आम्ही ज्या खोलीत बसत होतो तिची किंमत आम्हाला कोणी सांगितलीच नव्हती. आम्हाला वाटायचं, तिसरीचा वर्ग आहे. दोन पंखे, त्यातला एक फिरतो. भिंतीवर दोन ते दहाचे पाढे, शेजारी पचनसंस्थेचा तक्ता, त्यातल्या जठराला कोणीतरी मिशा काढलेल्या. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की टिनाचं छत असं तापतं, की खाली बसलेल्याला आपण तव्यावर आहोत की तव्याखाली हेच कळत नाही. तुमचं पत्रक आलं तेव्हा समजलं, की या खोलीला 'सभागृह (लहान), पंख्यांसह' म्हणतात. 'पंख्यांसह' हे अनेकवचन वाचून तर मला तुमच्या कल्पनाशक्तीचा हेवा वाटला.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगतो, कारण अर्जात त्यासाठी जागाच नव्हती. पूर्व नागपुरातल्या एका वस्तीतलं हे मंडळ. नोंदणी नाही, लेटरहेड नाही, अध्यक्ष नाही, त्यामुळे भांडणंही नाहीत. रविवारी दुपारी तीन ते पाच, चार घरची धुणीभांडी उरकून आलेल्या चौदा-पंधरा बाया इथे लिहायला-वाचायला शिकायच्या. तिसरीच्या बाकात त्यांचे गुडघे मावत नाहीत म्हणून सतरंजी टाकून खाली बसायच्या. रोज रात्री आठ ते दहा पोलीस भरतीचा नि एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं यायची, कारण त्यांच्या घरी एकाच खोलीत टीव्ही, आजोबांचा खोकला आणि थोरल्या भावाचा नवा संसार हे सगळं एका वेळी चालू असतं. महिन्यातून एकदा पाण्याच्या तक्रारीची बैठक व्हायची. तिला तुमच्यासारखेच एक साहेब येतो म्हणायचे आणि यायचे नाहीत.

आता अर्ज. रकाना क्रमांक चार, कार्यक्रमाचे स्वरूप. पर्याय असे : विवाह व तत्सम समारंभ, प्रदर्शन व विक्री, सभा-संमेलन, इतर. बाराखडी गिरवणं यातल्या कशात बसतं यावर आमची तासभर चर्चा झाली. विवाह म्हणावा, तर आमच्या सगळ्या बायांची लग्नं झालेली आहेत, आणि एकदा अनुभव घेतल्यावर पुन्हा करायला कोणी तयार नाही. प्रदर्शन म्हणावं, तर आमचं अक्षर अजून दाखवण्याजोगं झालेलं नाही. संमेलन म्हटलं तर हारतुरे आणि पाहुणे आले. राहिलं 'इतर'. आणि 'इतर'चा दर कमीत कमी अर्ध्या दिवसाचा! दोन तास बसा की पाच, पैसे तेवढेच. त्यावर वीज वेगळी, स्वच्छता वेगळी, अनामत वेगळी, आणि जीएसटीच्या रकान्यात नुसतंच 'नियमाप्रमाणे'. चार रविवारांचा हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं, की आमच्यातल्या एका बाईला दोन घरची भांडी महिनाभर घासून जे मिळतं ते सगळंच्या सगळं तुमच्या पावतीपुस्तकात जातं.

त्यातलं स्वच्छता शुल्क मला फार आवडलं. ज्या बाया अर्ध्या नागपूरची घरं स्वच्छ करून पोट भरतात त्यांच्याकडून तुम्ही स्वच्छतेचे पैसे मागता. आणि वर्ग सुटल्यावर झाडू मारतं कोण? त्याच.

एका गोष्टीचं श्रेय मात्र तुम्हाला दिलंच पाहिजे. फाटकावर तुम्ही दरांचा फ्लेक्स लावला त्या रविवारी आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई लवकर येऊन बाहेर उभी होती. साठी उलटलेली. सात महिने झाले तिला शिकायला लागून. जोडाक्षर आलं की ती अडते, 'शुल्क' नाही, 'स्वच्छता' तर नाहीच. 'सभागृहा'तल्या गृ ला ती अजून घाबरते. पण तुमच्या फ्लेक्सवर मधोमध एक शब्द होता, एकही जोडाक्षर नसलेला, सगळ्यात मिळून एक काना. तिनं फ्लेक्सवर बोट ठेवलं. अ. ना. म. त. मग बोट काढून सलग म्हणाली, अनामत. रस्त्यावरचा शब्द कोणी न सांगता वाचायची तिची ती पहिलीच वेळ.

माझ्याकडे वळून म्हणाली, "अनामत म्हंजे काय जी, भाऊ?"

"आधी भरायचे अन् मग परत भेटतात ते पैसे."

"कोण देते परत?"

"ऑफिस."

पदर तोंडाला लावून ती इतकी हसली, की खुर्चीत पेंगणारा चौकीदारही जागा होऊन हसायला लागला. सात महिने आम्ही कमळ, गवत, बदक करत बसलो होतो. जगाचं ज्ञान तिला तुमच्या एका फ्लेक्सनं दिलं.

मी ऑफिसातही येऊन गेलो बरं का. तुम्ही दौऱ्यावर होता. टेबलामागच्या बाबूंनी चहा दिला, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "मालमत्ता आहे काका, मालमत्तेतून उत्पन्न आलं पाहिजे, वरून आदेश आहे." वरून म्हणजे किती वरून हे विचारल्यावर त्यांनी पंख्याकडे पाहिलं. त्यांचा फिरत होता.

उत्पन्नाचं तुम्हाला एवढंच अगत्य असेल तर माझ्या घरटॅक्सचं बिल काढून बघा. सामान्य कराच्या खाली एक ओळ आहे, शिक्षण उपकर. 1962 च्या कायद्यानं आलेला. माझ्या मुलाच्या पगारातून आयकर कापतात त्याच्यावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर असतो, तो 2018 च्या अर्थसंकल्पापासूनचा. त्याआधी तीन टक्के होता. कचरापेटी घेताना असो की काडीपेटी, जीएसटी आम्ही भरतोच. ही शाळा त्याच पैशांतून उभी आहे. भिंती आमच्या, छत आमचं, न फिरणारा पंखासुद्धा आमचाच. आपल्याच आंगणातल्या विहिरीवर दुसऱ्यानं रहाट लावून बादलीमागे पैसे मागावेत, तसं हे.

बाजारभावाची ही बाधा तुम्हाला एकट्यालाच झाली असं मी म्हणत नाही. महापालिकांच्या जागा भाडेपट्ट्यानं द्यायचे नियम राज्यानं 2019 मध्ये केले तेव्हा भाडं बाजारमूल्याच्या आठ टक्क्यांवर नेऊन ठेवलं होतं. मग व्यापाऱ्यांनी अशी बोंब मारली, की सरकारला पुढे ते खाली आणावं लागलं. आमच्या बायांना बोंब मारायला दुपारी तीन ते पाचच वेळ असतो, आणि तेवढ्यात त्यांना पाढे म्हणायचे असतात.

आता धोरणाचं बघू. जुलै 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलेलं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तुमच्या कपाटात असेलच. नसेल तर कपाटाखाली बघा, एखाद्या पायाला टेकू दिलेलं असेल. त्यात म्हटलंय, की शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी शाळांच्या इमारती प्रौढांना शिकवायला आणि वस्तीच्या इतर कामांना वापराव्यात. वापराविना पडून राहणारी शाळेची जागा 'सामाजिक चेतना केंद्र' व्हावी, अशीही कल्पना त्यात आहे. चेतना! आमच्याकडे त्याच जागेला तुम्ही पितळी कुलूप दिलं. पुढे ऐका. 2022 ते 2027 असा पाच वर्षांचा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, 'उल्लास' म्हणतात त्याला. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांना शिकवायचं, शाळा हेच त्याचं केंद्र धरायचं आणि शिकवायला बिनपगारी स्वयंसेवक घ्यायचे. म्हणजे दिल्ली म्हणते, फुकट शिकवा. तुम्ही म्हणता, पैसे भरून फुकट शिकवा.

शाळा कुणाला बिनबोभाट उघडते, तेही आम्ही पाहिलंय. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, तेव्हा आसपासच्या शाळांच्या वर्गांत त्यांच्या मुक्कामाची सोय होते. पावसाची सर आली तर कडेवर पोर घेऊन आलेली बाई कुठे जाणार? शाळेतच. 1956 नंतर या शहराला वर्गात सतरंजी टाकणं नवं राहिलेलं नाही, आणि त्याबद्दल नागपूरचं कौतुक करावं तेवढं थोडं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्ताला गावोगावचे पोलीस येतात. त्यांच्यातले कुणी समाजभवनात, कुणी मंगल कार्यालयात, कुणी शाळेत पथाऱ्या टाकतात. करोनात शाळांचे काय काय उपयोग झाले ते तुम्हीच फायलींत लिहिलं असेल. निवडणुकीच्या आदल्या रात्री तर आमचीच भरतीवाली पोरं टेबलं लावायला धावतात. शाळा शाळेपेक्षा मोठी आहे, हे सरकारला वेळेवर बरोब्बर आठवतं. आम्ही गेलो की ती तेवढी लहान होते, आणि पंख्यांसह होते.

तुमचीही बाजू आहे, नाही कशाला म्हणू. दोन वर्षांपूर्वी याच पटांगणात एका दादांचा वाढदिवस झाला होता. मांडवाचे खुंट ठोकायला पटांगण खणलं, डीजेनं खिडकीची दोन तावदानं फोडली, बाकांवर सावजी रश्श्याची पातेली ठेवली. सोमवारी पोरं आली तर पचनसंस्थेच्या तक्त्यावर कोणीतरी खर्रा थुंकलेला. मिशावाल्या जठरापासून थेट आतड्यापर्यंत लाल. बाईंनी तो तक्ता ओल्या फडक्यानं पुसला, तरी डाग गेला नाही. पोरांना त्या वर्षी पचनक्रिया फार चांगली समजली म्हणतात. तर शाळा कुणालाही उघडून देऊ नये, हे मला शंभर टक्के मान्य. पण त्या रात्रीची पावती कुणाच्या नावानं फाटली होती, हे शोधायची तसदी तुम्ही घेतली नाही. दादांच्या नावाचा दरवाजा उघडाच राहिला आणि भाडं लागलं बाराखडीला. आता दादांचं नि म्हातारीचं स्वरूप दरपत्रकात एकच आहे. फरक इतकाच, की दादा अर्ज करत नाहीत.

तुम्हा मंडळींना परदेशी अभ्यासदौऱ्यांची आवड असते असं ऐकतो, तेव्हा तीन गावं सुचवतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात शाळेच्या इमारतीला चक्क नागरी केंद्र म्हटलेलं आहे. वस्तीतला ना-नफा गट आला तर त्याच्याकडून फार तर प्रत्यक्ष झालेला खर्च घ्यायचा. तिकीट लावून कार्यक्रम केला आणि ते पैसे मुलांच्या किंवा धर्मादाय कामाला गेले नाहीत, तर मात्र पुरतं भाडं. दादा आणि म्हातारी यांच्यात फरक करायला त्यांना दोन परिच्छेद पुरले. तिथून कॅनडात ऑन्टारिओला जा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथे शाळांना पैसे द्यायचं सूत्र बदललं, तशी शाळा मंडळांनी तुमच्यासारखीच भाडी वाढवली आणि वस्त्यांतले गट बाहेर पडले. शेवटी 2004 मध्ये प्रांताच्या सरकारनंच मंडळांना पैसे देऊन भाडी खाली आणवली. आपल्याकडे चूक करून ती निस्तरायला किती वर्षं लागतात ते तुम्हाला माहीत आहेच, म्हणून त्यांची आयती घ्या म्हणतो.

तिसरं गाव इंग्लंडातलं, सॉस्टन. हेन्री मॉरिस नावाचे एक गृहस्थ केंब्रिजशायरच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते. म्हणजे तुमच्यासारखेच साहेब, टेबल, खुर्ची, फाइल सगळं असलेले. 1924 मध्ये त्यांनीही एक पत्रकच काढलं. त्यात त्यांनी मांडलं होतं, की खेड्यातली शाळा दिवसा मुलांची असावी आणि संध्याकाळी तीच अख्ख्या गावाची. वाचनालय तिथे, सभागृह तिथे, मोठ्यांचे वर्ग तिथे. 1930 मध्ये सॉस्टनला तशी पहिली इमारत उभी राहिली. पत्रक काढायचा अधिकार सगळ्याच साहेबांना असतो म्हणून ही आठवण.

अन् एवढा व्हिसा-बिसा नको असेल तर नागपुरातच राहा. जाईबाई चौधरींचं नाव ऐकलंय? डोक्यावर ओझी वाहून पोट भरणारी बाई. एका मिशनरी बाईंच्या मदतीनं शिकली, शिक्षिका झाली, आणि दलित बाईनं आपल्या पोरांना शिकवू नये म्हणून लोकांनी कालवा केल्यावर ती नोकरी गेली. मग या बाईनं नागपुरात मुलींसाठी आपली शाळा काढली, चोखामेळ्याच्या नावानं. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. तिच्याआधी मोहप्याच्या किसन फागुजी बनसोड्यांनीही मुलींची शाळा काढली होती. इथे आधी वस्ती होती आणि वस्तीनं शाळा आपल्यात बसवून घेतली. त्या बदल्यात वस्तीनं शाळेला दरपत्रक पाठवल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. आमच्या शाळेच्या पटांगणातला कडुनिंबही असाच वस्तीनं लावलेला आहे. उन्हाळ्यात त्याला बादल्या घालणारा माणूस मागच्या वर्षी वारला. आता त्या सावलीत बसायचं झालं तर ती 'खुली जागा' होते. तिचा दर वेगळा, मी बघून आलो.

सध्याची परिस्थिती तुमच्या माहितीसाठी. बाया एका देवळाच्या ओट्यावर बसतात. आरती सुरू झाली की सातचा पाढा अर्ध्यावर सोडून टाळ्या वाजवतात आणि आरती संपली की सात एकेपासून पुन्हा सुरुवात, त्यामुळे सातच्या पुढे अजून कोणी गेलेलं नाही. पोरं मेट्रोच्या खांबांखाली दिव्याच्या उजेडात बसतात. तिथे भाडं नाही. मेहेरबानी करून हे वाक्य कुणाला दाखवू नका.

शाळेचं म्हणाल तर ती सुरक्षित आहे. पुढून. मागच्या भिंतीच्या विटा निघाल्या आहेत, तिथून आत जायला अर्ज लागत नाही. पूर्वी रात्री दहापर्यंत पोरांचा दिवा जळायचा, तेव्हा तिकडे कुणी फिरकत नसे. आता तिथे जमणाऱ्यांच्या कार्यक्रमाचं स्वरूपही 'इतर'च म्हणायला हवं, पण ते रकाना भरत नाहीत आणि अनामत मागेच सोडून जातात. सकाळी चौकीदार ती पोत्यात भरतो आणि कबाडीवाल्याला विकतो. मालमत्तेतून उत्पन्न येतंय, एवढं वर कळवा.

एक शेवटची विनंती, कामाची. आमची लोखंडी पेटी आत राहिली आहे. तिसरीच्या वर्गात, फळ्याखाली. हिरवी, कडी तुटलेली. आत पंधरा पाट्या, खडूचे दोन डबे, हजेरीचं रजिस्टर आणि म्हातारीचा चष्मा आहे. चष्मा तिच्याकडे एकच होता. घरी ठेवला तर नातू तोडतो म्हणून पेटीत ठेवायची. चौकीदाराला म्हटलं, काढून दे. तो म्हणाला, ऑफिसातून लिहून आणा. ऑफिसात म्हटलं, लिहून द्या. ते म्हणाले, कुलूप उघडलं की वापर झाला, वापराचा अर्ज करा. पेटी उचलून फाटकाबाहेर आणायला चार मिनिटं लागतात, मी मोजली आहेत. तर चार मिनिटांचं भाडं अर्ध्या दिवसाचंच लागेल का, पेटी 'प्रदर्शना'त धरायची की 'इतर'मध्ये, आणि पंखा न लावल्यास काही सूट मिळेल का, तेवढं कळवावं.

उत्तर मोठ्या अक्षरात लिहा, जमेल तितकी जोडाक्षरं टाळून. ते म्हातारी स्वतः वाचणार आहे, आणि तिला ते चष्म्याशिवाय वाचायचं आहे.

आपला,
इतर